पटावरचे सोबती

मनुष्यास मित्र कोठें मिळतात, असा प्रश्न केला तर बहुतेक सर्वजण शाळा, कचेरी आणि शेजार या तीन ठिकाणांचीं नांवें सांगतील. चौथें ठिकाण म्हणून खेळाचें नांव घेण्यास सहसा कोणी धजत नाहीं. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडीं खेळ हा शब्द बहुधा 'पोरखेळ' या रूपानेंच येतो. आणि पोक्त वयाचा गृहस्थ खेळत बसलेला दिसला तर त्याच्या नादास छंद न म्हणतां व्यसन म्हणण्याकडेच लोकांचा कल असतो. खेळांतला मित्र खेळापुरता, पट गुंडाळला कीं मैत्रीहि गुंडाळली, असा एक समज त्यामुळें रूढ झाला आहे. हा समज सर्वस्वीं खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तो जितका खरा मानला जातो तितका खरा नाहीं, एवढें आम्हांस स्वानुभवानें सांगतां येईल. आमचा खेळ बुद्धिबळाचा. म्हणून जें कांहीं सांगावयाचें तें त्याच खेळाच्या संबंधानें सांगणार आहों.

पन्नाशी उलटल्यावर नवे स्नेही जोडणें किती कठीण असतें, हें त्या वयांतून गेलेल्या वाचकांस निराळें सांगावयास नको. ओळखी पुष्कळ होतात. परंतु नव्या मनुष्याशीं बोलतांना पहिल्या पांच मिनिटांतच आडनांव, गांव, नोकरी आणि मुलें काय करितात, हे चार प्रश्न विचारले जातात. आणि उत्तरें मिळतांच दोन्ही पक्षांस एकमेकांची किंमत ठरवून मोकळें होतां येतें. त्यानंतर वाढते ती ओळख. स्नेह वाढत नाहीं. लहानपणीं मैत्री जमते ती या प्रश्नांच्या आधीं जमते. गोट्यांच्या रिंगणांत उतरलेल्या पोरास समोरच्या पोराच्या बापाचा पगार ठाऊक नसतो आणि तो ठाऊक करून घ्यावा असें त्यास वाटतहि नाहीं. खेळाचा पहिला गुण हाच कीं, तो हे चार प्रश्न कांहीं काळ बाजूस ठेवितो.

दुसरा गुण मात्र बुद्धिबळाचा खास म्हणावा लागेल. या खेळांत बोलावें लागत नाहीं. दोन माणसें तासभर समोरासमोर बसतात, एक अक्षर उच्चारीत नाहींत, आणि उठतांना एकमेकांस पुष्कळच ओळखूं लागलेलीं असतात. मिळेल तें प्यादें गट्ट करणारा अधाशी, पहिल्या संधीस किल्लेकोट करून राजास कोपऱ्यांत दडविणारा सावध, एका शहाच्या मोहानें हत्ती गमावणारा उतावळा, आणि हरत आलेला डाव शेवटच्या प्याद्यापर्यंत लढविणारा चिवट, हे सारे पटावर उघडे पडतात. संभाषणांत मनुष्य आपणांस हवें तें रूप धारण करूं शकतो. खेळींत तें साधत नाहीं. हरल्यावर मनुष्य कसा वागतो, हें दहा वर्षांच्या शेजारानेंहि जें कळत नाहीं, तें दहा डावांत कळून येतें.

अमेरिकेचे प्रसिद्ध मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन हे या खेळाचे मोठे शोकीन होते. १७८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बुद्धिबळनीतीवरील निबंधांत दूरदृष्टि, चौफेर अवधान आणि सावधगिरी हे गुण या खेळानें अंगीं बाणतात, असें त्यांनीं म्हटलें आहे. परंतु त्या निबंधाचा उत्तरार्ध आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. प्रतिपक्षी विचारांत गढला असतां त्यास घाई करूं नये, शीळ घालूं नये, घड्याळाकडे पाहूं नये, आणि जिंकल्यास शेखी मिरवूं नये, असा उपदेश त्यांत आहे. सारांश, समोरच्या मनुष्यास त्याचा वेळ द्यावा. आणि स्नेहाची सुरुवात तरी याहून निराळी कोठें होते? हेच फ्रँकलिन तरुणपणीं एका ओळखीच्या गृहस्थाबरोबर इटालियन भाषा शिकत होते. त्या दोघांनीं असा करार केला कीं, डाव जिंकणारानें हरणारास व्याकरणाचा किंवा भाषांतराचा पाठ नेमून द्यावा. दोघेहि तुल्यबळ असल्यामुळें एकमेकांस हरवितां हरवितां दोघांनाहि ती भाषा आली.

डाव खेळण्यासाठीं समोरासमोर बसलेंच पाहिजे असेंहि नाहीं. लंडन आणि एडिंबरो येथील बुद्धिबळ मंडळांमध्यें १८२४ पासून १८२८ पर्यंत टपालानें सामना चालला होता. एक खेळी घोड्यांच्या टपालानें जावयाची आणि तिचें उत्तर येईपर्यंत सर्वांनीं पटाकडे पाहत बसावयाचें! शेवटीं एडिंबरोकर जिंकले, आणि त्या सामन्यांत गाजलेल्या एका प्रारंभास आजहि जगभर 'स्कॉच' हेंच नांव आहे. पुढें पोस्टकार्डें निघालीं आणि हा टपाली खेळ सामान्य माणसांच्याहि आवांक्यांत आला. खेळी लिहावयास कार्डावर जागा ती कितीशी लागणार? चार अक्षरें आणि एक आंकडा. बाकीचें कार्ड कोरेंच राहतें. आमच्या मतें टपाली खेळाडूंचा स्नेह जमला तो त्या कोऱ्या उरलेल्या जागेंत.

आमच्या वांट्यास पोस्टकार्ड आलें नाहीं; मोबाइल आला. निवृत्तीनंतर आम्ही नागपूर सोडून मुलाकडे पुण्यास राहावयास आलों, आणि नव्या शहरांत ओळखी होण्यापूर्वींच २०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली. त्या रिकाम्या दिवसांत नातवानें आम्हांस लिचेस नांवाचें स्थळ दाखविलें. तिबो द्युप्लेसी नामक फ्रेंच गृहस्थानें तें २०१० सालीं सुरू केलें. तेथें वर्गणी नाहीं, जाहिरात नाहीं. देणग्या आणि पुष्कळशा स्वयंसेवकांचे श्रम यांवर तें चालतें. कोणत्याहि घटकेस तेथें जावें, जगांतील कोणीतरी समोर येऊन बसतो. तो दिसत मात्र नाहीं. दिसतें तें त्यानें स्वतःस दिलेलें एक टोपणनांव, आणि तो हजर असेल तर नांवाशेजारीं एक हिरवा ठिपका.

अशा शेंकडों अनोळखी प्रतिपक्ष्यांत एकाच्या टोपणनांवांत 'मिरज' हा शब्द होता. आम्हीं डाव संपल्यावर 'नमस्कार' एवढेंच लिहिलें; त्यानेंहि नमस्कार लिहिला. दुसऱ्या दिवशीं रात्रीं दहा वाजतां तो पुन्हां आला. मग तो नेमच होऊन बसला. दहा दहा मिनिटांचे तीन डाव, अखेरीस नमस्कार, आणि निजणें. त्याचा खेळ संथ, घट्ट आणि संशयी होता. वजीर बाहेर काढण्यास तो सहसा तयार नसे. हे कोणी निवृत्त शाळामास्तर असावेत, असा आम्हीं मनाशीं निर्णय करून टाकिला. कधींमधीं एखादें वाक्य येई. 'आज पाऊस फार आहे.' 'आज वीज गेली होती, म्हणून उशीर.' याहून अधिक कांहीं विचारण्याचें आम्हां दोघांसहि प्रयोजन पडलें नाहीं, आणि त्यांतच एक प्रकारचें सुख होतें.

पुढें २०२१ चा एप्रिल महिना आला. साथीची दुसरी लाट जोरांत होती. एके रात्रीं दहा वाजून गेले तरी हिरवा ठिपका दिसला नाहीं. दुसऱ्या रात्रींहि नाहीं, आठवड्यानेंहि नाहीं. रोज वर्तमानपत्रांत जे आंकडे येत होते ते आम्हीहि वाचीत होतों, आणि त्या आंकड्यांत हा एक मनुष्य असेल काय, असा विचार रात्रीं येऊं लागला. स्थळावर मागील सारे डाव जपून ठेविलेले असतात. आम्हीं मोजून पाहिले. साडेआठशेंच्या वर भरले. ज्याचा धीर, ज्याचा संशय, ज्याची हरल्यावरची स्वस्थता आम्हांस आमच्या कित्येक नातलगांच्या स्वभावाहून अधिक ठाऊक होती, त्याचें नांव आम्हांस ठाऊक नव्हतें! तो गेला असता तर तें आम्हांस कोणी कळविलें नसतें. आणि त्याच्या घरच्यांसहि पुण्यांत कोणी त्याची वाट पाहत आहे हें कळलें नसतें. नातें आहे म्हणावें तर त्याचा पुरावा काय? आणि नाहीं म्हणावें, तर मग झोप कां येत नव्हती? खेळापुरता मित्र म्हणजे काय, या प्रश्नाचा विचार आम्ही खऱ्या अर्थानें त्या दिवसांत करूं लागलों.

'खुशाल आहांत ना?' असें आम्हीं तीन वेळां लिहून ठेविलें. विसाव्या दिवशीं उत्तर आलें. 'आई गेली. मी बरा आहे. आज खेळतां का?' आम्ही खेळलों. त्यानें सातव्याच खेळीस वजीर फुकट दिला. एरवीं कधींहि न होणारी गोष्ट. आम्हीं बरोबरी देऊं केली. ती त्यानें नाकारिली, डाव सोडला, आणि लिहिलें, 'पुन्हां मांडूं.' त्या रात्रीं नेहमीं तीन डाव व्हावयाचे ते अकरा झाले. अखेरीस आम्हीं नांव विचारलें, त्यानें सांगितलें; आणि दूरध्वनीचे क्रमांकहि एकमेकांस दिले. खेळाची सीमा ओलांडली गेली ती या ठिकाणीं.

२०२२ च्या फेब्रुवारींत आम्ही मिरजेस गेलों. आम्हांस न्यावयास जो स्टेशनवर आला तो शाळामास्तर नव्हता; सव्वीस वर्षांचा वायरमन होता. त्यासहि आम्हांस पाहून नवल वाटलें. आमचा उतावळा खेळ पाहून तो आम्हांस कॉलेजांतला विद्यार्थी समजत होता! दीड खोलीचें घर, भिंतीवर आईची हार घातलेली तसबीर. त्यानें आम्हांस खुर्चीवर बसविलें आणि स्वतः दाराशीं उभा राहिला. "बसा काका, चहा ठेवतों," म्हणून तो आंत गेला. चहा झाला, आणि बोलणें खुंटलें. बाजूस ठेविलेले ते चार प्रश्न आतां दोघांच्याहि मनांत येऊन उभे होते. त्याचें वय, त्याचें काम, त्याचें घर. आमचें वय, आमचें निवृत्तिवेतन, आमचे पांढरे केस. जें अंतर दीड वर्ष कोणास दिसलें नव्हतें, तें त्या अर्ध्या तासांत दोघांसहि दिसलें. शेवटीं त्यानें कोनाड्यांतून पट काढला. "अरे, पण उभ्यानें कसा खेळणार?" असें आम्हीं म्हणतांच तो हंसला आणि समोर येऊन बसला. दुसऱ्या डावापर्यंत तो आईच्या शेवटच्या दिवसांविषयीं सांगूं लागला होता. दृष्टि पटावर असली म्हणजे बोलावयास कठीण असें कांहीं बोलतां येतें, हें आम्हीं त्या दिवशीं पाहिलें. संध्याकाळीं तो आम्हांस सतारी बनविणाऱ्यांची आळी दाखवावयास घेऊन गेला, आणि शेजारच्या सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारें किती मुलांस या खेळाची गोडी लाविली, हें अभिमानानें सांगत राहिला.

येथें कोणी म्हणेल कीं, पटावर सारे समान हें ठीक. परंतु पट उचलल्यावर काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्यास इतिहासाचा आधारहि आहे. पंजाबांतील मीर सुलतान खान हे सर उमर हयात खान यांच्या पदरीं होते. आपल्या देशी पद्धतीच्या खेळांत वाढलेला हा मनुष्य १९२९ सालीं विलायतेस गेला आणि त्याच वर्षीं, पुढें १९३२ आणि १९३३ सालीं, ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आला. कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्यास त्यानें हरविलें. तरीहि अमेरिकन खेळाडू रूबेन फाइन यांनीं अशी आठवण लिहून ठेविली आहे कीं, लंडनमध्यें उमर हयात खानांच्या घरीं आम्हां परदेशी खेळाडूंस मेजवानी झाली, तेव्हां ताटें वाढावयास सुलतान खानच उभे होते. १९२४ सालीं पॅरिस येथें स्थापन झालेल्या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा अर्थ 'आपण सारे एका कुळांतले' असा आहे. त्या कुळानें सुलतान खानांस ग्रँडमास्टरचा सन्मान दिला तो २०२४ सालीं. त्यांच्या मृत्यूस तेव्हां अठ्ठावन्न वर्षें होत आलीं होतीं. तात्पर्य, पट समानता उत्पन्न करितो खरा. परंतु ती पटावरून उचलून घरांत नेण्याचें काम पट करीत नाहीं. तें माणसांनाच करावें लागतें, आणि तें न केल्यास उत्कृष्ट खेळाडूहि दाराशीं उभाच राहतो.

आमच्या स्नेहाची कसोटी २०२३ सालीं लागली. आमच्यावर एक मोठी शस्त्रक्रिया झाली. नातलग आले, फळें ठेवून गेले, प्रत्येकानें आपल्या माहितींतील तशाच आजाराची एकेक कथा सांगितली. तिसऱ्या दिवशीं पहांटे मिरजेहून रात्रीच्या गाडीनें निघालेला आमचा वायरमन पिशवींत लोहचुंबकी सोंगट्यांचा लहानसा पट घेऊन हजर झाला. त्यानें प्रकृति विचारली नाहीं. "काका, पांढरीं तुमचीं," एवढेंच म्हणाला. दोन रात्री तो उशाशीं बसला. मुलास त्यामुळें घरीं जाऊन निजतां आलें. वेदनेनें आमचें लक्ष उडे तेव्हां तो पट तसाच ठेवून थांबे. अर्ध्या तासानें डोळे उघडले तरी मोहरीं जेथल्या तेथें असत. फ्रँकलिनचा उपदेश त्यानें वाचला नव्हता. तो पाळला मात्र होता. पुढें त्याच्या परवान्याच्या परीक्षेचे अर्ज आणि कागद आम्हीं पाहून दिले. त्यास उपकार म्हणण्याचें आतां दोघांसहि सुचत नाहीं.

मिरजेच्या त्या भेटीनें आम्हांस आणखीहि एक धैर्य आलें. पुण्यास परतल्यावर आम्ही एका रविवारीं नदीकांठच्या बागेंतील बांकावर पट मांडून एकटेच बसलों. घटकाभरांत एक बघा आला, मग दुसरा. बघ्यांचा स्वभाव असा कीं त्यांस गप्प राहवत नाहीं. आणि जो खेळी सुचवितो त्यास पुढच्या डावास बसवितां येतें. आतां आम्ही सहाजण जमतों. त्यांत रेल्वेंतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब आहेत. ते आजोबांकडून देशी खेळ शिकलेले. प्यादें पहिल्या खेळीसहि एकच घर चालावें, राजास एकदां घोड्याप्रमाणें उडी घेतां यावी, आणि प्यादेमातीइतकी गोड मात नाहीं, हीं त्यांचीं मतें अजून ढळलेलीं नाहींत. एक शिंपी आहेत, एक दांतांचे डॉक्टर आहेत, आणि आम्हां सर्वांस नेमानें हरविणारा भाजीवालीचा चौदा वर्षांचा मुलगा आहे. २०२५ च्या जुलैमध्यें बातुमी येथें महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत कोनेरू हंपी आणि नागपूरची दिव्या देशमुख या दोघी भारतीय समोरासमोर आल्या, तेव्हां आम्ही सारे एकाच मोबाइलभोंवतीं गोळा झालों होतों. एकोणीस वर्षांची दिव्या जिंकली, आणि केवळ नागपूरकर म्हणून सर्वांनीं आमचेंच अभिनंदन केलें!

या सर्वांवरून खेळ खेळला कीं मित्र मिळतो, असा सिद्धांत कोणी काढूं नये. लिचेसवर आम्ही हजारों जणांशीं खेळलों असूं. त्यांतून एक वायरमन मिळाला. हरत आल्यावर उत्तर न देतां घड्याळ संपेपर्यंत दडून बसणारे तेथें आहेत, संगणकाकडून खेळी विचारून फसविणारेहि आहेत. बागेंतहि एकदां एक गृहस्थ उचललेलें मोहरें परत ठेवण्यावरून रागावून गेले, ते पुन्हां आले नाहींत. शिवाय खेळ हा आडोसाहि होऊं शकतो. वर्षानुवर्षें डाव मांडूनहि एकमेकांचें दुःख न विचारणारे जोडीदार आम्हीं पाहिले आहेत. आणि 'पुढची खेळी?' या प्रश्नाच्या मागें मनुष्यास किती काळ लपतां येतें, हें टाळेबंदीच्या त्या वर्षानें आम्हांसहि शिकविलें आहे. खेळ मैत्रीस जागा करून देतो, वेळ देतो, एकमेकांची पारख करून देतो. त्यापुढें कोणातरी एकानें खेळाबाहेरचा पहिला शब्द बोलावा लागतो. तो शब्द पटावरील कोणतेंहि मोहरें आपल्या वतीनें बोलत नाहीं.

मात्र तो शब्द ज्या मनाशीं बोलावयाचा त्या मनाची तयारी खेळ करून ठेवितो, हें निश्चित. इतर व्यवहारांत ज्यानें आपला पराभव केला त्याच्याकडे आपण पुन्हां जात नाहीं. येथें हरलेला मनुष्य आपणच मोहरीं गोळा करितो, हरविणाराचीं त्याच्या बाजूस लावून देतो, आणि 'पुन्हां मांडूं' म्हणतो. शाळा, कचेरी आणि शेजार यांत हे शब्द आम्हांस फारसे ऐकूं आले नाहींत. म्हणून उतारवयांत एकटेपण वाटणाऱ्या वाचकांस आम्ही एवढेंच सुचवितों कीं, बुद्धिबळ नसेल तर पत्ते, पत्ते नसतील तर कॅरम, परंतु ज्यांत समोर दुसरें माणूस लागतें असा एखादा खेळ त्यांनीं अवश्य धरावा. आणि प्रतिपक्षी एखाद्या रात्रीं आला नाहीं, तर दुसऱ्याच दिवशीं त्याचा समाचार घ्यावा.